पीटीटी दाबला, काटा हललाच नाही

हॅम रेडिओचा व्हीयू3 कॉलसाइन, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं सरकारी ओळखनाव, नुकताच हातात आला होता. ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी पहिला एचएफ (शॉर्टवेव्ह) सेट आला, जुना, 100 वॅटचा. पॉवर मीटर जोडला, पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबला, काटा शून्यावर. पैसे पाण्यात गेले म्हणत ज्यांच्यामुळे हा नाद लागला त्या काकांना फोन केला.

"मोड कुठला?"

"एसएसबी."

"मग बोल की! गप्प बसलास तर पॉवर येणार कुठून?"

एसएसबी या बोलण्याच्या मोडमध्ये कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, जवळजवळ दाबलेला असतो. आवाज असेल तेवढीच पॉवर. बोलू लागलो तर काटा तिसाच्या आसपास नाचायला लागला, म्हणून पुन्हा घाबरलो. साधा मीटर सरासरी दाखवतो आणि सेटचे 100 वॅट असतात पीईपी, म्हणजे शिखराचे. तेव्हा सीडब्ल्यूवर (मोर्सच्या मोडवर) मोर्सची की दाबून मोजा, दोन-तीन सेकंदच.

आणि मोजायचं डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर), अँटेनावर नाही. उगाच बँडवर आपली शिट्टी कशाला? शिवाय पावसाळ्यात गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) चढला, की बरेच सेट आपणहून पॉवर उतरवतात. मग दोष कुणाचा हे शोधत बसा.

डमी लोड घरी होतो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून 1 किलोओहम, 2 वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर आणा आणि समांतर जोडा: 50 ओहम, 40 वॅट. मोठ्या सेटची पॉवर आधी कमी करा, नाहीतर घरभर जळका वास. वायरवाउंड घेऊ नका (मी घेतले होते). आत गुंडाळलेली तार आरएफला (रेडिओ लहरींना) कॉइलसारखी वागते.

पुढे 40 मीटर बँडवरचा 5 वॅटचा छोटा सेट घेतला. 200 वॅटच्या स्केलवर 5 वॅट वाचणं म्हणजे भुसाराच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं. लोडवर 1एन4148 डायोड आणि 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, मल्टिमीटर डीसीवर ठेवला: 20 व्होल्ट. डायोडचे 0.7 मिळवले, 20.7 चा वर्ग केला, 100 ने भागला. व्होल्टेज पीकचं असल्याने 50 ऐवजी 100. आले 4.3 वॅट. बॅटरी काढून 13.8 व्होल्टचा सप्लाय लावला, तेव्हा कुठे 5 भरले.

फरक जेमतेम 0.65 डीबीचा (डेसिबलचा), आणि सिग्नलची ताकद सांगणारं एक एस-युनिट असतं 6 डीबीचं. संध्याकाळी बॅटरीवर आणि सप्लायवर, दोन्ही तऱ्हांनी कॉल करून पाहिला. पलीकडच्या ओएमनी (हॅम मित्राला असंच म्हणतात) दोन्ही वेळा 559 चाच रिपोर्ट दिला; मधला आकडा ताकदीचा.