गाडी रुळावरून घसरली तर: तिकीट हरवलं म्हणून हक्क सोडू नका

गाडी घसरण्यामागे उन्हानं वाकलेला रूळ असो, थंडीत तडकलेला असो की सिग्नलची चूक, भरपाईसाठी दोष कुणाचा हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. रेल्वे कायदा, 1989 चं कलम 124 तेच सांगतं. मृत्यू झाल्यास 8 लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे.

घटनेनंतर लगेच मिळणारं सानुग्रह अनुदान, म्हणजे तातडीची मदत, या भरपाईहून वेगळं. ते घेतलं की विषय संपला असं समजून आपल्याकडची कितीतरी माणसं गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं. खरा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, म्हणजे रेल्वेविरुद्धचे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात, एका वर्षाच्या आत करायचा असतो. अपघात ओडिशात झाला तरी गडचिरोली-यवतमाळच्या कुटुंबाला तिकडे जावं लागत नाही. राहत्या ठिकाणाच्या आधारे याच न्यायाधिकरणाच्या नागपूरच्या खंडपीठात अर्ज करता येतो.

तिकीट सापडत नाही? प्रतिज्ञापत्र करा, सोबत प्रवास केलेल्यांचे जबाब जोडा. केवळ तिकीट नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. दवाखान्याचे कागद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल जपून ठेवा. आणि वकील कितीही ओळखीचा असो, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर अंगठा देऊ नका.