नदीतील बेटावरच्या पाणपक्ष्यांची वीण कशी राखावी

वैनगंगेसारख्या नदीच्या पात्रात अर्जुन, करंज आणि जांभळांनी दाट झालेले बेट गावाच्या हद्दीत असेल, तर पावसाळा लागताच गायबगळे, पाणकावळे, रातबगळे आणि उघड्या चोचीचे करकोचे तिथे एकेका झाडावर खेटून घरटी बांधू लागतात. अशा बेटासाठी करायचे मुख्य काम म्हणजे जूनपासून नोव्हेंबरअखेर त्यावर पाय न ठेवणे. बेटावरची बाकी कामे जानेवारी-फेब्रुवारीतच उरकावीत, कारण मार्चपासून भोवतीच्या उघड्या रेतीत नदी सुरय आणि टिटव्या अंडी घालतात, आणि ती अंडी रेतीत इतकी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

डोंगा (लहान होडी) बेटाला लागून माणूस झाडांखाली आला की घरट्यांवरचे पक्षी एकदम उठतात आणि ते परतण्याआधीच कावळे अंडी फोडतात. उघडी पडलेली लहान पिले उन्हाने किंवा पावसाने दगावतात. फांदीवर चालू लागलेली मोठी पिले घाबरून खाली पडतात आणि खाली पडलेल्या पिलाला आईबाप सहसा भरवत नाहीत. पडलेले पिलू वर ठेवण्याच्या सद्भावनेनेसुद्धा बेटावर जाऊ नये, कारण एक वाचवताना चार पडतात. मोजणी काठावरूनच, दुर्बिणीने करावी. रिकामी घरटी मात्र जानेवारीत झाडनिहाय मोजता येतात.

त्याच वेळी फांद्यांत गुंतलेले नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे काढावेत. विष्ठेने वाळत चाललेले झाड तोडू नये. त्याच्या आसपास आपोआप उगवलेल्या रोपांना काट्यांचे कुंपण करावे, म्हणजे पुढच्या पिढीच्या घरट्यांची सोय होते.

खरा धोका रेतीचा आहे. बेटालगत उपसा झाला की काठ ढासळून मुळे उघडी पडतात, आणि उलट बेट व काठ यांमधला प्रवाह गाळाने भरला की कुत्री आणि गुरे चालत पोहोचतात. म्हणून रेतीघाटाच्या लिलावाआधीच ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांकडे द्यावा आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या सजीवांच्या नोंदीच्या वहीत, बेटाची नोंद करावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानपक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेसुद्धा शिकारच ठरते, हे ठरावात लिहावे. फलक लावण्याआधी नदीत मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांशी बसून बोलावे. बेट रोज पाहणारे तेच आहेत, आणि त्यांनी जाळी दूर टाकायचे मान्य केले तर वेगळा पहारेकरी लागत नाही.

करकोचे पिलांना मुख्यतः गोगलगाई भरवतात आणि त्या धानाच्या बांध्यांतून (बांध घातलेल्या शेततुकड्यांतून) आणतात. त्यामुळे रोवणीनंतर फवारणी गरजेपुरतीच ठेवावी. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात शाळेची मुले न्यायची असल्यास त्यांना काठावरच थांबवावे, कारण उशिरा घातलेल्या अंड्यांची पिले तेव्हाही घरट्यांत असू शकतात.