टूर द फ्रान्स पहिल्यांदाच बघायलात? मग आधी एवढं करा

जुलैत दुपारी आमच्या बीडात मी ही फ्रान्समधली टप्प्याटप्प्यांची सायकल रेस बघत बसलो की घरचे म्हणतात, ह्यात बघायचं काय असतंय? खरंय, मागचं माहीत नसलं तर नुसतीच गर्दी दिसती.

सुरुवात १९०३ पासून करा. लोटो नावाच्या पेपरचा खप वाढावा म्हणून ही रेस काढली, ६ टप्पे, २४२८ किलोमीटर, ६० जण निघाले अन् शेवटपर्यंत पोचले फक्त २१, जिंकला मॉरिस गारँ. पेपरचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून पिवळी जर्सी. ती रोज पहिला येणाऱ्याला नसती बरं, सगळ्या टप्प्यांचा मिळून वेळ कमी ज्याचा त्याला, इथंच सगळे गंडतात.

मग १९१३ चा क्रिस्तोफ नावाच्या सायकलपटूचा किस्सा वाचाच. पिरेनीजच्या डोंगरात गड्याच्या सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मोडला, मदत घ्यायची नाही असा नियम, सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः ठोकून जोडला अन् तरी दंड, का तर भाता एका पोरानं हलवला! डिरेलरवाले, म्हणजे साखळी एका चक्रीवरनं दुसरीवर सरकवणारे गिअर १९३७ ला चालू दिले, त्याआधीचं कळायचं असेल तर मांजरसुंब्याचा घाट साध्या सायकलनं चढून बघा.

विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ रिकामं दिसेल, लान्स आर्मस्ट्राँग ह्या सायकलपटूची ७ टायटलं डोपिंगपायी २०१२ मध्ये काढून घेतलीत.

अन् १९८९ चा शेवटचा दिवस यूट्यूबवर शोधा. ग्रेग लेमाँड हा सायकलपटू अख्खी रेस ८ सेकंदांनी जिंकला, फक्त ८.