जुन्या जीपचं इंजिन बे (बॉनेटखालची जागा) घरी करताय? रंगाच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

जुनी सीजे-३बी जीप हौसेने उघडली, सुट्टीचे सगळे दिवस घासण्यात आणि रंगवण्यात घालवले, बॉनेट उचललं की बघणारा 'वा' म्हणतो, आणि गाडी मात्र सुरू व्हायचं नाव घेत नाही. झालीच तर दहा मिनिटांत तापते. अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारावा: उघडण्याआधी चालत होती का? उत्तर बहुतेक वेळा 'चालत होती की!' असंच येतं. म्हणजे बिघाड इंजिनाने केलेला नाही, सजावटीने केलाय. त्यामुळे कार्बोरेटर उघडून बसण्याआधी आपण नेमकं काय रंगवलं, काय बदललं आणि काय 'नको दिसतंय' म्हणून काढून टाकलं, याची उजळणी करा.

हातात पाना घेण्याआधी कागद बघा. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसतील तरच. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेल्या जीपा आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. तशी अदलाबदल करायची असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते, आणि व्हिंटेजचा विचार मात्र सोडून द्यावा लागतो. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या, फेरफार केलेल्या जीपांचे व्हिडिओ बघून बेत आखणाऱ्यांनी हे आधी वाचावं. दुसरं म्हणजे इंजिन नंबर. हरिकेन इंजिनावर, म्हणजे ३बीच्या मूळ पेट्रोल इंजिनावर, तो ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, वॉटर पंपाच्या मागच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. गंज काढण्याच्या भरात त्यावर ग्राइंडर फिरवू नका. तेवढा भाग हाताने, पॉलिश पेपरने साफ करा, फोटो काढून ठेवा आणि रंगवताना टेप लावून झाका. पासिंगच्या वेळी पुसट नंबर म्हणजे नसती कटकट.

धुलाईतही घोळ होतात. इंजिन गाडीतच ठेवून सँडब्लास्टिंग करून घेणारे लोक आहेत. वाळूचा कण कुठूनही शिरतो: डिपस्टिकच्या भोकातून, कार्बोरेटरच्या तोंडातून, ब्रीदरमधून. तो बेअरिंगपर्यंत पोचला की रंगकामापेक्षा कितीतरी मोठं बिल येतं. रॉकेल किंवा डिझेल, जुना ब्रश आणि भरपूर वेळ, एवढं पुरतं. पेट्रोलने धुऊ नका, बंद गॅरेजमध्ये तर नाहीच. आणि जुनी पॅकिंग, सायलेन्सरच्या जोडावरची दोरी, क्लचची धूळ यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते वायर ब्रश लावलेल्या ग्राइंडरने कोरडं उडवायचं नाही. ओलं करून, चांगला मास्क लावून, खरवडून काढायचं.

आता सगळ्यात जास्त सतावणारी चूक: अर्थिंग रंगवून टाकणं.

जीपचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. सेल्फला लागणारा सगळा करंट बॅटरीकडे परत जातो तो इंजिन आणि चासी जोडणाऱ्या अर्थ पट्टीतून. ती पट्टी जिथे बसते तिथे तुम्ही प्राइमर आणि वर दोन हात चकचकीत रंग दिलात, की वाट बंद. मग सेल्फ कण्हतो, हेडलाइट मिणमिणतात, तापमानाचा काटा लाइट लावल्यावर वेगळंच सांगतो. बॅटरी बदलली, सेल्फ रिपेअर करून आणला, तरी तेच. याची एक खूण पक्की: चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर चोकच्या तारेला हात लावून बघा. गरम लागली, कधीकधी तर तिच्या आवरणाचा वास सुटला, तर समजा की पट्टीतून वाट न मिळाल्यामुळे करंट त्या बारीक तारेतून परत जातोय. असंच चालू राहिलं तर ती तार पेटतेसुद्धा.

तपासायला मल्टिमीटर पुरे. डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. क्लॅम्पला नव्हे, खांबाला. कॉइलची मोठी वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून ब्लॉकला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास किंवा खाली असेल तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टीची दोन्ही टोकं खोला, खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. रेग्युलेटर आणि हॉर्न यांच्या पायाखालचा रंगही असाच काढा.

रंगाचा दुसरा प्रताप रेडिएटरवर दिसतो. जाळीवर ऑइल पेंटचे जाड हात दिले की पितळी रेडिएटरची उष्णता बाहेर पडेनाशी होते. तिथे पातळ काळ्या रंगाचा एकच फवारा द्यायचा, बस्स. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तर साधा सिल्व्हर लावूच नये. पहिल्याच फेरीत तो जळून पापुद्रे सुटतात. त्यासाठी सहाशे अंश सोसणारा रंग मिळतो, आणि तोही डब्यावर लिहिल्याप्रमाणे थोडा थोडा तापवून पक्का करावा लागतो.

रंग झाला की लोक नवे चकचकीत स्टेनलेस बोल्ट घ्यायला धावतात, आणि दुकानदार काउंटरवर मिलिमीटरचे ठेवतो. जीप इंचाची आहे. ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिमीचा असतो, त्यामुळे ८ मिमीचा बोल्ट त्या भोकात दोन-तीन फेरे गुमान जातो आणि मग अडतो. 'घट्ट आहे' म्हणून पाना लावून जोर केला की ब्लॉकचे आटे गेले. बोल्ट हाताने निम्म्याच्या पुढे जात नसेल तर थांबा. मूळ बोल्ट वाकलेले नसतील तर साफ करून तेच परत वापरा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाही तर एखाद्या जुन्या जीप मिस्त्रीच्या डब्यात इंचाचे बोल्ट सापडतात.

हरिकेन इंजिनाच्या स्वतःच्या काही खोड्या आहेत. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. या उंच इंजिनासाठीच ३बीचं बॉनेट इतकं वर उचललेलं दिसतं. हेड उतरवताना सगळे बोल्ट निघाले असं वाटतं, तरी हेड हलत नाही. मग कोणीतरी मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालतो आणि हेडची कड तुटते. राहिलेला बोल्ट कार्बोरेटरखाली, इनटेकच्या तोंडात लपलेला असतो. बसवतानाही तोच विसरला जातो, आणि मग नवं हेड पॅकिंग उडालं म्हणून पॅकिंगवाल्याला शिव्या. टॅपेटचंही, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचंही, तसंच. वरचे चार सेट करून कव्हर लावलं की काम झालं असं नाही. एक्झॉस्टचे चार मॅनिफोल्डखालच्या साइड कव्हरच्या आत आहेत. थंड इंजिनावर इनटेकला अठरा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला सोळा. एक्झॉस्टची फट कमी ठेवली तर टिकटिक थांबते, कानाला बरं वाटतं, पण व्हॉल्व्ह जळतात.

'क्लीन लुक'साठी पाइप काढून टाकणं ही मला सर्वांत न पटणारी फॅशन. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ इनटेकमध्ये ओढून घेणारी पीसीव्हीची नळी काढून तिथे बूच मारलं की आतला दाब मागच्या सीलमधून ऑइल ढकलतो. क्लच हाउसिंगखाली ऑइलचं डबकं दिसलं तर सील मागवण्याआधी ही नळी आहे का आणि व्हॉल्व्ह मोकळा आहे का ते बघा. मूळ ऑइलबाथ एअर क्लीनर काढून क्रोमचा उघडा फिल्टर लावणंही तसंच. गावाकडच्या धुळीत तो जुना काळा डबाच बरा, फक्त त्यात ऑइल भरलेलं असलं पाहिजे.

पेट्रोलच्या बाजूला आता नवी भानगड आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. एसएई जे३० आर९ छापलेला होज घ्या आणि गाडीच्या फ्यूएल पंपाचा डायफ्रामही (आतला रबरी पडदा) इथेनॉलला चालणारा बसवा. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर डायफ्राम फाटून पेट्रोल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय. त्या ऑइलवर गाडी एक मिनिटही चालवू नका. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डला चिकटून नेली असेल तर उन्हात घाट चढताना गाडी मध्येच बंद पडेल आणि अर्ध्या तासाने शहाण्यासारखी सुरू होईल. नळी लांबून फिरवा.

वायरिंगबद्दल थोडक्यात: डायनामो काढून अल्टरनेटर लावताय तर लक्षात ठेवा, चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या जुन्या ॲमीटरमधून जातो. तो तेवढ्या करंटसाठी बनलेला नाही. तो वगळा, व्होल्टमीटर लावा, आणि बॅटरीजवळ मुख्य फ्यूज टाका. सहा व्होल्टची गाडी बारावर नेताना कॉइल तीच ठेवली तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळत राहतील.

सगळं जोडल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. प्लग काढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आधी हँडल मारून इंजिन मोकळं फिरतंय ना ते बघा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका आला तर मनगट वाचतं. मग प्लगविनाच सेल्फ मारून ऑइल प्रेशरचा काटा हलू द्या. त्यानंतर प्लग लावून सुरू करा, पूर्ण तापू द्या, रात्रभर थंड होऊ द्या आणि हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने ६० ते ७० फूट-पाउंडावर पुन्हा तपासा. त्यासाठी कार्बोरेटर परत खोलावा लागेल. पॉलिश केलेली कव्हरं आणि क्लिपा चढवायच्या त्या त्याच्यानंतर.