वंशद्वेष उपजत असतो का? वर्गात असं करून पाहा

अकरावीला मानसशास्त्र शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. मी उत्तर देत नाही, नाणं काढते. छापा आला की निळी चिठ्ठी, काटा आला की पिवळी. मग प्रत्येकाला दोन वर्गमित्रांचे क्रमांक द्या, एक आपल्या रंगाचा, एक परक्या रंगाचा, आणि दहा गुण त्यांच्यात वाटायला सांगा. नावं दाखवू नका, मैत्री आड येते. बेरीज फळ्यावर मांडा. ती बहुतेकदा आपल्याच रंगाकडे झुकते आणि वर्ग गप्प होतो.

आता मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलचा प्रयोग सांगा. ताजफेल पोलंडचा ज्यू, घरची माणसं नाझींनी मारलेली. १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्याने शाळकरी मुलांचे गट पाडले, कुणाला कोणता चित्रकार आवडतो त्यावरून, असं सांगून. पक्षपाताला तेवढं पुरलं.

इथे थांबू नका. मी पूर्वी थांबायचे. मुलं लगेच म्हणतात, "म्हणजे उपजतच!" गट करण्याची ओढ खोल आहे, मान्य. पण तो कातडीवरूनच करायचा हे शिकवलेलं असतं. नवजात बाळ सगळ्या वंशांचे चेहरे सारखेच न्याहाळतं. तिसऱ्या महिन्यात सवयीच्या वंशाच्या चेहऱ्यांवर नजर रेंगाळू लागते.

तास संपण्याआधी चिठ्ठ्या फाडायला लावा. रंग घेऊन कुणाला बाहेर सोडू नका.