मेटल फेस्टिव्हलसाठी बँड कसे निवडावेत: आधी जागा, मग बँड

संभाजीनगरात मेटलचा, म्हणजे जड गिटारच्या जोरदार रॉक संगीताचा, दिवसभराचा कार्यक्रम करायचा म्हटलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: "मिळतील तेवढी मोठी नावं बोलवा, पब्लिक आपोआप येतं." हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी यादी लावलेली नसते. मी हे काम बरीच वर्षं करतोय. बँड वाईट म्हणून कार्यक्रम पडलेला मी क्वचितच पाहिलाय. चांगले बँड चुकीच्या संख्येने आणि चुकीच्या क्रमाने लावले म्हणून पडलेले कार्यक्रम मात्र भरपूर पाहिलेत, त्यातला एक माझाच होता.

मैदान, पोलिस परवानगी, जनरेटर, पाणी, अॅम्ब्युलन्स हे तुम्ही बघालच. इथे फक्त बँडांबद्दल.

तारीख

पौषातला, जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा शनिवार. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे साउंडवाला आणि लाइटवाला मोकळा असतो आणि भावही करून देतो. १४ तारीख टाळा. त्या दिवशी नामविस्तार दिनासाठी विद्यापीठाच्या परिसरात मोठी गर्दी असते. २६ जानेवारीच्या आसपास पोलिस बंदोबस्तात अडकलेले असतात, आणि फेब्रुवारीत बारावी सुरू होते. मार्चनंतरचा तर विचारच करू नका. आपल्याकडच्या उन्हात दुपारी तीनला ड्रमर चक्कर येऊन पडेल.

वेळेचा हिशेब, बँडांची नावं काढण्याआधी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते आणि ते दिवस सरकार सण-उत्सवांसाठी ठरवतं. तेव्हा शेवटचं गाणं पावणेदहाला संपलंच पाहिजे असं धरा.

दुपारी तीन ते पावणेदहा म्हणजे ४०५ मिनिटं. सगळ्यांना एकच ड्रमकिट आणि एकच बॅकलाइन (स्टेजवरचे अॅम्प) दिली, म्हणजे ड्रमरने फक्त आपला स्नेअर, सिंबल आणि डबल पेडल आणायचं असं ठरवलं, तर एका बँडनंतर दुसरा उभा करायला वीस मिनिटं लागतात. सात बँड धरले तर सहा अदलाबदली, म्हणजे १२० मिनिटं गेली. उरली २८५. ती मी अशी वाटतो: २५, ३०, ३५, ३५, ४५, ५० आणि हेडलायनरला, म्हणजे शेवटच्या मुख्य बँडला, ६५. आठवा बँड घ्यायचा तर प्रत्येकाचं एकेक गाणं कापावं लागतं, आणि मग कोणाचाच रंग भरत नाही. उत्तर जर्मनीतल्या वाकेन गावच्या मेटल फेस्टिव्हलला आज जगभरातून माणसं जातात, पण १९९० साली तिथे पहिल्यांदा सहाच बँड वाजले होते. सात पुरे.

रेकॉर्डिंग मागवा

ऑगस्टमध्ये अर्ज मागवा. स्टुडिओतलं गाणं नको, कापाकापी केलेला व्हिडिओ नको, फॉलोअर्सचा आकडा तर अजिबात नको. गर्दीत उभं राहून मोबाइलवर घेतलेलं, मध्ये न तोडलेलं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग मागा. आवाज फाटलेला असला तरी चालेल. बारा मिनिटांनंतर ड्रमरच्या पायाकडे बघा. सुरुवातीला डबल पेडल सगळेच मारतात, पण चौथ्या गाण्यात वेग सैल पडला की तो बँड ३५ मिनिटांचा नाही, २५ मिनिटांचा आहे हे समजून घ्या. दोन गाण्यांच्या मध्ये काय होतं तेही बघा. गिटार लावायला दीड मिनिट जातंय आणि गायक नुसताच पाण्याची बाटली शोधतोय, असं असेल तर त्या दीड मिनिटात तुमचं पब्लिक भज्यांच्या गाड्यावर गेलेलं असेल.

क्रम: खरं काम इथे आहे

माझ्या पहिल्या वर्षी मी आठ बँड घेतले. आलेल्या अर्जांतले सगळ्यात चांगले आठ, प्रामाणिकपणे निवडलेले. त्यातले पाच डेथ मेटलवाले, म्हणजे गुरगुरत्या गळ्याचे आणि वेगवान, होते, कारण त्या वर्षी तेच सगळ्यात जोरदार वाजवत होते. ते मी एकामागून एक लावले. पहिल्या दोघांना पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर पोरं उड्या मारतात त्या जागेत, धूळ उडाली. तिसऱ्याला पोरं हात बांधून उभी राहिली. सात वाजता त्या दिवसातला सगळ्यात कसलेला बँड स्टेजवर आला, तेव्हा निम्मं मैदान जमिनीवर बसलेलं होतं आणि बाकीचं पाठ करून चहा पीत होतं. ती माणसं रात्रभर प्रवास करून आली होती. त्यांचा गिटारिस्ट खाली मान घालून वाजवत राहिला, त्याने एकदाही समोर पाहिलं नाही. कार्यक्रम संपल्यावर परभणीहून एसटीने आलेला एक पोरगा मला म्हणाला, "दादा, समदेच बँड भारी होते, पण मला दिवसभर एकच गाणं ऐकल्यासारखं वाटायलंय."

त्या वाक्याने मी हे काम पुन्हा पहिल्यापासून शिकलो. शिकलो ते गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांवरून. फड लावणारा पंच नुसते चांगले पैलवान गोळा करत नाही. दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या लावतो, मग चढत्या इनामाच्या, आणि प्रत्येक जोड लावताना आधीची कुस्ती कशी झाली ते डोक्यात ठेवतो. दोन रटाळ, अंगाला अंग लावून बसलेल्या कुस्त्या लागोपाठ झाल्या की तो एखादा चपळ गडी आत सोडतो. शेवटच्या कुस्तीपर्यंत माणूस फडावरून हलला नाही पाहिजे, एवढंच तो बघतो. बँडांचंही तेच आहे. म्हणून आधी सात जागा ठरवा, प्रत्येक जागेला काय पाहिजे ते लिहा, आणि मग त्या जागेत बसणारा बँड शोधा.

प्रत्येक बँडसाठी एक कार्ड करा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू मस्त कामाला येते. त्यावर चार गोष्टी लिहा: वेग, गळा, ट्यूनिंग आणि उभं राहायला लागणारा वेळ.

वेग मोजायला मोबाइलवर टॅप करून ठोके मोजणारं अॅप घ्या. डूमवाले, म्हणजे संथ आणि जड वाजवणारे, मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांवर चालतात, ब्लास्ट बीटवाले, म्हणजे ड्रमवर अखंड मारा करणारे, दोनशेच्या वर जातात. शेजारच्या दोन कार्डांवर जवळजवळ तोच आकडा दिसला की एक कार्ड हलवा.

गळ्याचा नियम माझ्याकडे पक्का आहे. गुरगुरणारे दोन बँड लागोपाठ चालतात, तिसरा चालत नाही. तिसऱ्या जागी मोकळ्या गळ्याने गाणारा कोणीतरी हवा. विशाखापट्टणमच्या अगेन्स्ट ईव्हिलसारखा, जुन्या वळणाचं, उंच पट्टीतलं हेवी मेटल गाणारा. अशा बँडांना 'हे पुरेसे हेवी नाहीत' म्हणून नाकारणारे संयोजक मी पाहिलेत. त्यांच्याच कार्यक्रमात सात वाजता लोक जमिनीवर बसतात.

ट्यूनिंगकडे कोणीच बघत नाही, आणि आपल्या भागात तर ते सगळ्यात आधी बघायला हवं. साध्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. ती खाली ए स्वरापर्यंत उतरवली की ५५ हर्ट्झवर येते. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या साउंडचे बेस डीजेच्या मिरवणुकीसाठी बांधलेले असतात, त्यांचा सगळा जोर तिथेच, तळाला. मग किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), बेस गिटार आणि उतरवलेली गिटार एकाच जागी येऊन आदळतात आणि मैदानात नुसती घुमघुम ऐकू येते. एक बँड तसा असेल तर साउंडवाला सावरून घेतो. तसेच दोन लागोपाठ लावले की कानच बंद होतात, आणि पुढच्या बँडने कितीही स्वच्छ वाजवलं तरी ते अर्धंच ऐकू येतं.

आता जागा. पहिली, तीन वाजताची: झटपट उभा राहणारा, छोटी गाणी वाजवणारा थ्रॅश, म्हणजे वेगवान आणि टोकदार मेटलचा, बँड. दुसरी: मोकळा गळा. तिसरी, साडेचारनंतरची: ज्यावर मान आपोआप हलते असा ग्रूव्ह, मुंबईच्या झिग्नेमाच्या धाटणीचा. चौथीवर खाली वेगळं बोलतो. पाचवी सहा पंचवीसला सुरू होते. जानेवारीत त्या सुमारास दिवस मावळतो, म्हणून तिथे संथ आणि जड काहीतरी लावा, मुंबईच्या डर्जसारखं. हेच संगीत मी एकदा चार वाजता उन्हात लावलं होतं आणि पाच मिनिटांत लोक सावलीला गेले. अंधार पडताना, लाल दिव्यात तेच लावलं तर कोणी जागचं हललं नाही.

सहावी जागा सगळ्यात अवघड. बहुतेक जण तिथे हेडलायनरसारखाच पण थोडा लहान बँड बसवतात, म्हणजे जेवणाआधी तीच भाजी वाढून ठेवतात. सहावा बँड हेडलायनरच्या उलटा पाहिजे. समजा शेवटी बंगळुरूचे क्रिप्टॉस आहेत. १९९८ पासूनचा बँड, मध्यम वेग, गुणगुणता येतील असे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे). मग त्यांच्या आधी मुंबईच्या गट्स्लिटसारखा क्रूर वेगाचा डेथ मेटल लावा. ५० मिनिटं लोक अक्षरशः पिळून निघतात, वीस मिनिटं पाणी पितात, आणि मग क्रिप्टॉसचा पहिला रिफ आला की सगळ्यांचे खांदे मोकळे होतात, अख्खं मैदान सोबत ओरडतं. हेच उलटं केलं तर रात्री नऊला ब्लास्ट बीट ऐकायची ताकद कोणात उरलेली नसते. हेडलायनर निवडताना मी एकच बघतो: यांची चार गाणी तरी अनोळखी माणसाला पहिल्यांदा ऐकून सोबत म्हणता येतील का?

कीबोर्ड, लॅपटॉप, क्लिक ट्रॅक (कानात वाजणारा तालाचा ठोका) आणि कानातले मॉनिटर घेऊन येणारे बँड दिवसात एकच. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २००० पासून दाखवून दिलंय की कीबोर्डने मेटल किती भव्य होतं, त्यामुळे अशा संगीताला माझा विरोध नाही. पण वीस मिनिटांत ते उभं राहत नाही. असा बँड असेल तर थ्रॅशऐवजी पहिली जागा त्याला द्या. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो, शेवटचा आधी आणि पहिला सगळ्यात शेवटी. त्यामुळे पहिल्याचं सगळं जागेवरच लावलेलं राहतं.

कार्डं मांडून झाली की शेवटची परीक्षा. एका खोलीत दार लावून बसा आणि प्रत्येकाची दोन-दोन थेट रेकॉर्डिंग ठरलेल्या क्रमाने मोठ्या आवाजात ऐका. मोबाइल बाहेर ठेवा. सोबत मेटल न ऐकणारं एक माणूस बसवा. मी माझ्या धाकट्या बहिणीला बसवतो. ज्या जागी ती खिडकीबाहेर बघायला लागते तिथे मी पेन्सिलने खूण करतो, आणि क्रम बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकतो. यात आठवडा जातो. जाऊ द्या.

आपल्या भागातला बँड

लातूर, नांदेड, जालना, बीड, कुठला तरी एक घ्याच. पण 'स्थानिक आहेत, उघडायला लावू' हे कृपा करून थांबवा. तीन वाजता त्यांचे मित्र निम्मे एसटीत असतात, आणि जे पोचतात ते त्यांचा सेट ऐकून जेवायला निघून जातात. त्यांना चौथी जागा द्या, साडेपाचची. त्यांचं पब्लिक चारपासून येऊन थांबतं, वाट बघताना तिसरा बँड ऐकतं आणि अंधार पडल्यावर पाचव्यालाही थांबतं. शिवाय उतरत्या उन्हात आपल्या पोरांना भरलेलं मैदान मिळतं. मात्र रेकॉर्डिंगची परीक्षा त्यांनाही तीच. ओळखीवर घेतलेला बँड त्या जागेवर उघडा पडतो आणि पुढची दोन वर्षं सावरत नाही.

एक अजून. स्थानिक बँडला 'संबळ घ्या, गोंधळाचा टच द्या' असं सांगू नका. गाणंच संबळावर उभं असेल तर ते अंगावर काटा आणतं. दिल्लीच्या ब्लडीवूडचा ढोल असाच गाण्याच्या हाडातून येतो, म्हणून २०१९ मध्ये तो वाकेनपर्यंत पोचला. संयोजकाच्या हट्टापायी जोडलेलं वाद्य पहिल्याच गाण्यात कळतं.

प्रवास आणि पैसे

नुसतं मुंबई-पुण्याकडे बघू नका. हैदराबादहून अजंता एक्स्प्रेस रात्रभरात थेट इथे येते, आणि तिकडे गॉडलेससारखे तयारीचे बँड झाले आहेत. बँड आदल्या दिवशी मुक्कामी पोचलाच पाहिजे. निम्मं मानधन आगाऊ, बाकीचं स्टेजवर चढण्याआधी, आणि सगळं लेखी. वाजवायला जागा देतोय म्हणून फुकट वाजवा, असं पहिल्या जागेवरच्या पोरांनाही म्हणू नका. त्यांना निदान प्रवास, जेवण, मुक्काम आणि थोडे पैसे द्या.

पोस्टर आणि नकार

पोस्टरवर प्रत्येक नावापुढे वेळ छापा आणि ती पाळा.

पोस्टर लावायच्या आदल्या दिवशी न निवडलेल्या प्रत्येक बँडला स्वतः कळवा. पोस्टर बघून त्यांना कळता कामा नये. कारणही खरं लिहा. 'जागा नव्हती' एवढ्यावर सोडू नका. मी लिहितो: "तुमचा ड्रमर उत्तम आहे, पण याच वेगाचे दोन बँड आधीच घेतलेत" किंवा "चौथ्या गाण्यानंतर वेग पडतो, त्यावर काम करा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवं रेकॉर्डिंग पाठवा." त्यातले बरेच जण पुढच्या वर्षी खरोखर पाठवतात.