ग्रुपवर कोरोनाचा उपाय आला, आता काय करायचं?

२०२१ च्या १४ एप्रिलला रात्री आठपासून महाराष्ट्रात परत संचारबंदी लागली आणि आमचा व्हॉट्सॲपचा फॅमिली ग्रुप सुसाट सुटला. मामांनी टाकलं, कापूर-ओवा-लवंग फडक्यात बांधून हुंगा, ऑक्सिजन वाढतो. आईने ओव्याचा डबा काढलापण!

तर आधी मेसेजच्या डोक्यावर बघा. दोन बाण दिसले म्हणजे तो निदान पाच ठिकाणी फिरून आलाय, मामांनी लिहिलेला नाही, त्यामुळे "मामा कशाला खोटं सांगतील" हा प्रश्नच येत नाही. मग त्यातली एक ओळ जशीच्या तशी गूगलवर टाका, पुढे फॅक्ट चेक लिहा, मराठीत नाही सापडलं तर हिंदीत बघा. कापराने नाक मोकळं वाटतं, बास, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, आणि लहान पोराने तो तोंडात घातला तर विषबाधा होते ती वेगळीच.

ऑक्सिजन वाढला की नाही ते बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सांगेल, पण तोही नीट लावा. नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळा, पाच मिनिटं शांत बसा आणि आकडा स्थिर झाला की मगच वाचा. आमच्या आईचा पहिला आकडा ८९ आला, सगळे हादरलो, हात गरम करून परत लावला तर ९७. तरीही ९४ च्या खालीच राहिला तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट डॉक्टरला फोन.

बेड, सिलिंडरच्या मेसेजवर तारीख-वेळ नसेल तर तो पुढे ढकलूच नका, आधी स्वतः नंबर लावा. मी मित्राच्या वडिलांसाठी ११ नंबर फिरवले, बहुतेक बंद, एकजण म्हणे आधी ५ हजार गूगल पे करा मग सिलिंडर पाठवतो. असे आगाऊ पैसे अजिबात द्यायचे नाहीत. तेव्हा मुंबईत १९१६ वरून वॉर्डाच्या वॉर रूमला, म्हणजे बेड मिळवून देणाऱ्या पालिकेच्या कक्षाला, लावायचं, बाकी ठिकाणी १०४ किंवा १०७५, लाइन लागेपर्यंत लावत राहायचं. आणि रेमडेसिविर हे कोरोनाच्या पेशंटला देतात ते औषध घरी घ्यायचं इंजेक्शनच नाही, त्यामुळे पेशंट घरी असेल तर ते शोधत वणवण करू नका.

मामांना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडू नका, चिडतात. वेगळा फोन करा. मी केला, "बरं बरं" म्हणाले, अर्ध्या तासाने नाकात लिंबाचे थेंब घाला म्हणून आलं. दोन बाणांसकट.